३२०० शेजारी ३२०० लावूनही रॅमचा वेग पुन्हा पुन्हा २४०० वर का घसरतो

लक्षण असं असतं. डेस्कटॉपमध्ये आधीपासून दोन रॅम स्टिक आहेत, लेबलवर ३२०० छापलंय. जागा कमी पडते म्हणून आणखी दोन आणल्या, त्यांच्यावरही ३२००च. चारही बसवल्या, मशीन सुरू झालं, जीबीचा आकडा दुप्पट दिसला. पण टास्क मॅनेजरमध्ये मेमरीचा वेग पाहावा तर २४००, काही बोर्डांवर २१३३. बायोसमध्ये (बोर्डाच्या सेटिंगच्या पडद्यात) जाऊन एक्सएमपी, म्हणजे रॅमचं जास्त वेगाचं तयार प्रोफाइल, चालू केलं की स्क्रीन काळा. पंखे फिरतात, थांबतात, पुन्हा फिरतात, आणि तीन-चार खेपांनंतर मशीन उठतं ते परत २४०० वरच. कधी ३२०० वर उठतंही, दोन दिवस सुरळीत चालतं, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी बटण दाबलं की पुन्हा काळा स्क्रीन.

माझ्या मशीनवर हे जवळजवळ महिनाभर चाललं. जुनी जोडी ८-८ जीबीची, सीएल १६ (सीएल म्हणजे मागितलेला डेटा यायला लागणारे घड्याळाचे ठोके), धातूचं कवच असलेली. नवी जोडीही ८-८ जीबीची, सीएल २२, साधी हिरवी, चिप उघड्या दिसणारी. बोर्डावर रायझन ३००० मालिकेतला प्रोसेसर. दर वेळी सीमॉस क्लिअर करायचं, म्हणजे बायोसच्या सेटिंग पुसायच्या, एक्सएमपी लावायचं, दोन दिवस निश्चिंत राहायचं आणि पुन्हा पहिल्यापासून. शेवटी मूळ सापडलं ते टीआरएफसी नावाच्या एका टायमिंगमध्ये, म्हणजे रॅमच्या एका कामासाठी राखलेल्या वेळेत. हे टायमिंग लेबलवर छापलेलं नसतं आणि बायोसमध्येही बरंच खाली दडलेलं असतं. तिथवर कसं पोहोचायचं ते खाली सविस्तर लिहितो, कारण ‘रॅम बदला’ एवढ्या एका सल्ल्यावर सोडून देण्यासारखा हा प्रश्न नाही.

आधी खात्री करा की बिघाड खरोखर आहे

दोन गैरसमज सुरुवातीलाच दूर करू. सीपीयू-झेड या मशीनची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रामच्या मेमरी टॅबमध्ये १६०० दिसलं म्हणून घाबरू नका. डीडीआर मेमरी घड्याळाच्या एका ठोक्यात दोनदा डेटा पाठवते. त्यामुळे घड्याळ १६०० मेगाहर्ट्झ असलं की डेटाचा वेग ३२०० होतो, आणि लेबलवर हा दुसरा आकडा छापतात. १२०० दिसलं तर मात्र रॅम खरोखरच २४०० वर चालते आहे.

दुसरं म्हणजे बोर्डाची आणि प्रोसेसरची मर्यादा. इंटेलच्या एच४१० किंवा बी४६० चिपसेटच्या बोर्डावर दहाव्या पिढीचा आय५ असेल तर कोणतीही रॅम लावा, वेग २६६६ च्या वर जाणार नाही. त्या चिपसेटवर मेमरी ओव्हरक्लॉक करायची, म्हणजे ठरलेल्या मर्यादेपेक्षा वेगाने चालवायची, सोयच नाही. अशा मशीनवर ३२०० ची रॅम २६६६ वर चालणं हे ठरल्याप्रमाणेच आहे, त्यात दुरुस्त करण्यासारखं काही नाही. रायझन ३००० वर दोन स्टिकसाठी अधिकृत मर्यादा ३२०० आहे. पण चार स्लॉट भरले की सिंगल रँक (एकत्र काम करणाऱ्या चिपचा एकच गट असलेल्या) स्टिकसाठी ती २९३३ वर येते आणि ड्युअल रँकसाठी (असे दोन गट) २६६७ वर. म्हणजे माझ्या मशीनवर चार स्टिक ३२०० वर चालवायची मागणीच अधिकृत हद्दीबाहेरची होती. हे मला आधी माहीत असतं तर निम्मा महिना वाचला असता.

एकाच आकड्याचे दोन अर्थ

प्रत्येक स्टिकवर एसपीडी नावाची एक छोटी चिप असते. ‘मी कोण, माझी क्षमता किती, कोणत्या वेगाला कोणतं टायमिंग झेपतं’ ही माहिती त्यात असते, आणि मशीन सुरू होताना बोर्ड ती वाचतो. त्यातले मूळ आकडे जेडेक या मानक ठरवणाऱ्या संस्थेच्या नियमांप्रमाणे असतात. डीडीआर४ साठी ते १.२ व्होल्टवर धरलेले आहेत. एक्सएमपी ही इंटेलने आणलेली वेगळी नोंद, त्याच चिपमध्ये शेजारी लिहिलेली. बनवणाऱ्याने ती स्टिक जास्त वेगाने, बहुधा १.३५ व्होल्टवर, चालवून पाहिलेली असते आणि ते आकडे तिथे नोंदवलेले असतात.

माझ्या जुन्या जोडीचं ३२०० हे एक्सएमपीचं ३२०० होतं. जेडेकप्रमाणे तिचा वेग होता २४००. नव्या जोडीत एक्सएमपीची नोंदच नव्हती, आणि तिचं ३२०० हे थेट जेडेकचं, १.२ व्होल्टवरचं. आता बोर्डाच्या जागी उभं राहून बघा. सगळं ऑटोवर असताना तो प्रत्येक स्टिकचा जेडेक वेग विचारतो आणि सगळ्यांना झेपेल असा आकडा धरतो. एक म्हणते २४००, दुसरी म्हणते ३२००, ठरतं २४००. सर्व स्टिक एकाच घड्याळावर चालतात, त्यामुळे नवी जोडी मुकाट्याने खाली येते. यात बोर्डाची काहीच चूक नाही.

एक्सएमपी चालू केलं की गणित बदलतं. नोंद फक्त जुन्या जोडीत आहे. काही बोर्ड अशा वेळी एक्सएमपीचा पर्यायच दाखवत नाहीत. माझ्या बोर्डाने तो दाखवला, आणि जुन्या जोडीचे आकडे चारही स्टिकांना लावले. सीएल २२ वर चालायला बनलेल्या स्टिकला १६ चं जोखड घातलं. ती कधी उठली, कधी नाही.

टायमिंग नॅनोसेकंदात मोजलं की हे नीट दिसतं. सीएलच्या आकड्याला २००० ने गुणा आणि डेटाच्या वेगाने भागा. ३२०० वर सीएल १६ म्हणजे १० नॅनोसेकंद, ३२०० वर सीएल २२ म्हणजे १३.७५. वेग एकच, पण तेच काम करायला नवी स्टिक जवळजवळ १.४ पट वेळ मागते. रॅम विकत घेताना आपण पहिला आकडा पाहतो आणि दुसऱ्याकडे दुर्लक्ष करतो, म्हणून जोड्या विजोड होतात.

मग सीएल २२ केलं की झालं?

मलाही तसंच वाटलं. एक्सएमपी तसंच ठेवून सीएल आणि त्यानंतरची तीन मुख्य टायमिंग हाताने २२-२२-२२-५२ अशी भरली. मशीन उठलं. विंडोजही आलं. दोन दिवसांनी निळा स्क्रीन, आणि एक मोठी झिप फाइल उघडताना खराब असल्याची सूचना. मूळ फाइल ठीक होती, कॉपी करताना मधेच कुठेतरी बिट पलटला होता. या प्रश्नातला खरा धोका हाच आहे. मशीन बंद पडलं तर निदान कळतं तरी. मशीन चालू राहून तुमचे फोटो, हिशेब, लिखाण हळूहळू नासत राहिलं तर महिन्यांनी समजतं. साध्या डेस्कटॉप रॅममध्ये अशी चूक पकडायची काही सोय नसते. म्हणून ‘चालू झालं ना, मग झालं’ या समाधानावर कृपा करून थांबू नका.

इथे टीआरएफसी समजून घ्यावं लागतं. डीरॅममधला प्रत्येक बिट म्हणजे विद्युतभार साठवणारा एक अतिसूक्ष्म कपॅसिटर, आणि तो गळका असतो. ६४ मिलिसेकंदांच्या आत प्रत्येक ओळ पुन्हा भरावी लागते. त्यासाठी प्रोसेसरमधला मेमरी कंट्रोलर साधारण दर ७.८ मायक्रोसेकंदांनी रिफ्रेशचा आदेश देतो. आदेश मिळाल्यावर चिप काही काळ त्याच कामात गुंतलेली असते, तेवढ्यात तिला दुसरं काही सांगायचं नसतं. हा काळ म्हणजे टीआरएफसी. चिप जितकी दाट, तितक्या जास्त ओळी एका आदेशात भरायच्या, तितका हा काळ मोठा. जेडेकने डीडीआर४ साठी ८ गिगाबिटच्या चिपला ३५० नॅनोसेकंद आणि १६ गिगाबिटच्या चिपला ५५० नॅनोसेकंद दिलेले आहेत.

आता माझ्या दोन जोड्या. जुन्या स्टिकवर १आर×८ असं लिहिलेलं, म्हणजे एक रँक आणि ८ बिट रुंदीच्या, ८ गिगाबिटच्या आठ चिप. नवीवर १आर×१६, म्हणजे एक रँक आणि १६ बिट रुंदीच्या, १६ गिगाबिटच्या चारच चिप. दोन्हींची बेरीज ८ जीबीच. बाहेरून सारख्या, आतून वेगळ्या. जुन्या जोडीच्या एक्सएमपीत टीआरएफसी ५६० ठोके होतं. १६०० मेगाहर्ट्झच्या घड्याळावर ३५० नॅनोसेकंदांचे बरोबर तेवढेच ठोके होतात. नव्या जोडीला नियमाप्रमाणे हवे होते ८८०. मी वरचे चार आकडे सैल केले, पण हा पाचवा ५६० वरच राहिला. प्रत्यक्ष चिप नियमापेक्षा थोड्या चपळ असतात, म्हणून काम बहुतेक वेळा निभावून जायचं. एखाद्या वेळी मात्र रिफ्रेश पुरा व्हायच्या आतच पुढचा आदेश यायचा. दोन दिवस चालून तिसऱ्या दिवशी पडायचं कोडं असं सुटलं.

×१६ च्या चिपचं आणखी एक टायमिंग वेगळं असतं, ते म्हणजे टीएफएडब्ल्यू. चार ओळी किती काळात उघडायच्या त्यावरची ही मर्यादा. ३२०० वर ×८ चिपला २१ नॅनोसेकंद पुरतात, ×१६ ला ३० लागतात. ठोक्यांत मोजलं तर ३४ आणि ४८. तेही हाताने पाहून घ्या.

तुमच्या स्टिकवर काय आहे हे लेबल वाचून कळतं. कवचामुळे लेबल नीट दिसत नसेल तर एचडब्ल्यूइन्फो हा प्रोग्राम प्रत्येक स्टिकची रँक आणि चिपची रुंदी दाखवतं. एकाच मॉडेल नंबरखाली बनवणारे वर्षा-दोन वर्षांनी आतल्या चिप बदलतात, त्यामुळे ‘तेच मॉडेल आणलंय’ यावरही विसंबू नका.

आता दुरुस्ती

सुरुवात एकेका स्टिकपासून. मशीन बंद करून प्लग काढा, चारही स्टिक बाहेर काढा, एकच स्टिक ए२ मध्ये लावा. बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरकडून मोजल्यास हा दुसरा स्लॉट, तरी बोर्डाच्या पुस्तिकेत पाहून घ्या. प्रत्येक स्टिक अशी एकटी उठवा आणि मेमटेस्ट या रॅम तपासणाऱ्या प्रोग्रामची एक फेरी करा. कंटाळवाणं आहे, तासभर जातो, पण हे टाळू नका. एखादी स्टिक मुळातच खराब असेल तर पुढची सगळी मेहनत वाया जाते.

चारही निर्दोष निघाल्या की जोड्या लावा. एका जोडीतल्या दोन स्टिक वेगवेगळ्या चॅनलमध्ये (प्रोसेसर आणि रॅममधल्या दोन स्वतंत्र वाटा, ए आणि बी) गेल्या पाहिजेत. एक जोडी ए२ आणि बी२ मध्ये, दुसरी ए१ आणि बी१ मध्ये. क्षमता वेगळ्या असतील, समजा दोन १६ च्या आणि दोन ८ च्या, तर प्रत्येक चॅनलमध्ये एक १६ आणि एक ८ असं बसवा. दोन्ही चॅनलची बेरीज सारखी असली की पूर्ण मेमरी ड्युअल चॅनलमध्ये चालते. फक्त दोनच स्टिक असतील आणि त्याही ८ आणि ४ जीबीच्या, तरी अडत नाही. पहिले ४ अधिक ४ ड्युअल चॅनलमध्ये चालतात, उरलेले ४ सिंगलमध्ये.

मग बायोस. एक्सएमपी बंदच ठेवा. विजोड रॅमवर ते चालू ठेवून वरून आकडे बदलत बसलं की काही रकाने जुन्या नोंदीतले राहून जातात. माझ्या बाबतीत नेमकं तेच झालं होतं. सगळं ऑटोवर आणा, मग फक्त वेग हाताने निवडा. सुरुवात ऑटोच्या एक पायरी वरून करा. २४०० होता तर २६६६, तो टिकला की २९३३, मग ३२००. प्रत्येक पायरीला सर्वांत सुस्त स्टिकचं टायमिंग सगळ्यांना द्या. ठोके काढायची रीत सोपी आहे. नॅनोसेकंदांना घड्याळाच्या मेगाहर्ट्झने गुणा, हजाराने भागा, अपूर्णांक आला तर वरचा पूर्णांक घ्या. २९३३ वर घड्याळ साधारण १४६७, म्हणून ५५० नॅनोसेकंदांचे ८०७ ठोके. मी ८०८ भरले.

ऑटोवर असताना बहुतेक बोर्ड टीआरएफसी सर्वांत दाट चिपला धरूनच ठरवतात. तरी बायोसमधला प्रत्यक्ष आकडा वाचा आणि लहान दिसला तर हाताने भरा.

रायझनवर एक बारकावा लक्षात ठेवा. गिअर डाउन मोड (रॅमला आदेश जरा सैल वेळापत्रकाने देणारी सेटिंग) चालू असेल तर सीएलचा विषम आकडा आपोआप वरच्या सम आकड्यावर जातो. २१ भरलं आणि २२ दिसलं तर त्यात काही बिघडलेलं नाही. हा मोड बंद करायच्या फंदात पडू नका, विजोड स्टिकांना त्याचा आधारच होतो.

व्होल्टेज सर्वांत शेवटी. १.२ वर टिकत नसेल तर ०.०५ च्या पायऱ्यांनी वाढवा आणि १.३५ ला थांबा. डीडीआर४ ची कमाल सहनमर्यादा १.५ व्होल्ट आहे, पण साध्या हिरव्या स्टिकला रोज तिथवर नेण्यात काहीच शहाणपण नाही. १.३५ लाही पायरी टिकत नसेल तर खालच्या पायरीवर या.

चाचणी आणि थंड सुरुवात

मेमटेस्ट८६ प्लस पेनड्राइव्हवरून चालवा. त्याची २०२२ पासूनची सहावी आवृत्ती यूईएफआय (नव्या प्रकारच्या बायोसच्या) मशीनवरही चालते. किमान चार पूर्ण फेऱ्या होऊ द्या, म्हणजे रात्रभर लावून ठेवा. एकही चूक दिसली तर ती पायरी नापास. ‘एवढ्या टेस्टमध्ये एकच तर आहे’ असं म्हणू नका. नंतर विंडोजमध्ये टेस्टमेम५ किंवा प्राइम९५ काही तास चालवा, कारण प्रोसेसर तापलेला असताना मेमरी कंट्रोलर वेगळा वागू शकतो.

एवढं झाल्यावरही एक चाचणी राहते, आणि वारंवार परतणाऱ्या दुखण्यासाठी ती सर्वांत महत्त्वाची. मशीन पूर्ण बंद करा, प्लग काढा, काही तास गार होऊ द्या, मग सुरू करा. असं निदान पाच वेळा. मशीन सुरू होताना बोर्ड मेमरीशी सिग्नलची जुळवाजुळव करतो, त्याला ट्रेनिंग म्हणतात. काठावरची सेटिंग गरम मशीनवर जुळते आणि थंड मशीनवर चुकते. माझ्या मशीनवर ३२०० ने रात्रभराची टेस्ट निर्दोष पार केली आणि दुसऱ्या दिवशी थंड सुरुवातीला बोर्ड दोनदा अडखळला. मी तिथेच ३२०० चा नाद सोडला. २९३३ वर सीएल २२, बाकी २१-२१-४७, टीआरएफसी ८०८, टीएफएडब्ल्यू ४४, व्होल्टेज १.३०. त्यानंतर एकदाही वेग खाली आलेला नाही.

यात गमावलं काय? २४०० वर एका चॅनलची कमाल क्षमता सेकंदाला १९.२ जीबी, २९३३ वर साधारण २३.५, ३२०० वर २५.६. म्हणजे मिळू शकणाऱ्या वाढीतला मोठा हिस्सा पदरात पडला. उरलेल्या तुकड्यासाठी रोज सकाळी धास्ती घ्यावी, एवढी त्याची किंमत नाही.

सगळं नीट असूनही सेटिंग पुसली जात असेल तर

मशीनचं घड्याळही मागे गेलेलं दिसतं का ते पाहा. गेलं असेल तर बोर्डावरची सीआर२०३२ बॅटरी संपत आली आहे. प्लग काढल्यावरच हे घडतं, त्यामुळे दोष रॅमवर जातो. घड्याळ बरोबर आणि फक्त मेमरीचा वेग पडलेला असेल तर ट्रेनिंग फसून बोर्डाने सुरक्षित आकडे घेतलेत. अशा वेळी एक पायरी खाली या. बायोस अपडेट केल्यावरही सगळे आकडे पुसले जातात आणि जतन केलेले प्रोफाइलही बऱ्याचदा जातात. म्हणून आकड्यांचे फोटो फोनवर काढून ठेवा.

डीडीआर५ वर तत्त्व तेच, पण फरक जास्त टोकाचा. रायझन ७००० साठी दोन स्टिकची अधिकृत मर्यादा ५२००, चार स्टिकची ३६००. दोन स्टिक ६००० वर चालत होत्या आणि आणखी दोन लावल्यावर ३६०० झालं, तर ते अपेक्षितच आहे. नवी रॅम लावल्यावर पहिल्या ट्रेनिंगला कित्येक मिनिटं लागू शकतात आणि तोवर स्क्रीन काळाच असतो. घाबरून प्लग ओढू नका. मेमरी कॉन्टेक्स्ट रिस्टोअर चालू असेल तर बोर्ड आधीच्या ट्रेनिंगचे आकडे पुन्हा वापरतो. स्टिक बदलल्यावर चाचण्या संपेपर्यंत ते बंद ठेवा. डीडीआर५ च्या चिपच्या आत चुका सुधारायची सोय असते हे खरं, पण ती चिपपुरतीच. चिप ते प्रोसेसर या वाटेवर होणारी चूक ती पकडत नाही.

विजोड रॅम ठेवायची की नाही हे कामावर ठरवा. व्हर्च्युअल मशीन, मोठ्या फोटो फाइली, एकाच वेळी अनेक प्रोग्राम असा वापर असेल तर कमी वेगाची जास्त रॅम निःसंशय बरी. प्रोसेसरमधल्याच ग्राफिक्सवर गेम खेळत असाल तर मेमरीचा वेग थेट जाणवतो. तिथे विजोड जोडी काढून एकच चांगली जोडी एक्सएमपीवर चालवा. आणि २६६६ सुद्धा थंड सुरुवातीला टिकत नसेल तर चार स्टिक एकत्र ठेवण्याचा हट्ट सोडा. हव्या त्या क्षमतेच्या, एकाच पाकिटात एकत्र तपासून आलेल्या दोन स्टिक घ्या आणि जुन्या चार दुसऱ्या मशीनमध्ये जोडीजोडीने लावा.